अर्धा कार्पेंटर

‘लेखकाचें लिखाण पाहावें, त्याच्या शयनगृहांत डोकावूं नये,’ असें एका विद्वान् स्नेह्यांनीं आम्हांस नुकतेंच सुनावलें. विषय एडवर्ड कार्पेंटरचा होता. वचन मोठें सभ्य आहे. पण तें आपण सोयीनेंच वापरतों. ब्राउनिंगनें १८४६ सालीं एलिझाबेथ बॅरेटशीं चोरून लग्न केलें, ही कथा आम्ही प्राध्यापक मंडळी वर्गांत किती चवीनें सांगतों! तेथें कोणाचें सौजन्य आड येत नाहीं.

कार्पेंटर आपल्यास परका नाहीं. सुधारणेस रोग ठरविणाऱ्या त्याच्या ग्रंथाचा गांधीजींनीं १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्यां’त गौरव केला, आणि १८९२ सालच्या त्याच्या प्रवासवर्णनाच्या नांवांतच आपली घारापुरी आहे. १८७५ सालचें त्याचें ‘मोझेस’ हें पंचांकी नाटक विसरलें गेलें तर खुशाल जावो; पण ‘टुवर्ड्स डेमॉक्रसी’चा कवि, केंब्रिजमधील मानाची जागा व धर्मोपदेशकाचीं वस्त्रें टाकून मजुरांच्या गांवीं व्याख्यानें देणारा, स्वतः चपला शिवणारा समाजवादी, एवढा कार्पेंटर आपण घेतला. तो समलिंगी होता, हें तेवढें गाळलें.

आणि हें त्यानें कांहीं लपविलें नव्हतें! समलिंगी प्रेमावरील त्याची पुस्तिका १८९४ सालीं मँचेस्टरला छापली गेली. पुढच्याच वर्षीं ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. प्रकाशक घाबरले, आणि कार्पेंटरचें स्वीकारलेलें पुस्तक एकानें परत केलें. धीराचा मनुष्यही अशा वेळीं गप्प बसला असता. ह्यानें १८९८ सालीं शेफील्डच्या गरीब वस्तींत वाढलेल्या जॉर्ज मेरिलला मिलथॉर्पच्या आपल्या घरीं राहावयास आणलें, व १९०८ सालीं त्याच विषयावर ‘दि इंटरमीजिएट सेक्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. उच्चनीच भेद मोडण्याची जी भाषा त्याच्या कवितेंत आहे, ती त्या घरांत प्रत्यक्ष जगली जात होती. मग घर वगळून कविता शिकवावयाची ती कशी?

‘हें पाश्चात्त्यांचें खूळ’ हा दुसरा आक्षेप. पाश्चात्त्यांकडून आला तो कायदा! १८६० सालच्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम इंग्रजांनीं आपल्यावर लादलें. इंग्लंडनें आपल्या घरचा कायदा १९६७ सालीं सैल केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयास, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें कलम रद्द करावयास, २०१८ साल उजाडलें. तोंपर्यंत आमच्या बांकांवरून किती मुलें ह्याविषयीं एक शब्दही न ऐकतां उठून गेलीं, ह्याचा हिशेब आम्हांपाशीं नाहीं. त्यांतल्या एखाद्यास तो शब्द ऐकण्याची किती गरज असेल, हें आम्हांस फार उशिरां सुचलें.

मेरिल १९२८ सालीं वारला, कार्पेंटर १९२९ सालीं. गिल्डफर्ड येथें दोघे एकाच थडग्यांत आहेत. येत्या सत्रांत आम्ही हें वर्गांत सांगणार आहों. आमच्या स्नेह्यांसही ऐकावयास येण्याचें निमंत्रण आहे.