केशवरावांचे खरे स्मारक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या करवीरनगरीतील केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ज्या वास्तूला त्यांचे नाव दिले, तिची राख पाहण्याचा प्रसंग नेमका त्याच दिवशी कोल्हापूरकरांवर आला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१५ साली उभ्या केलेल्या या नाट्यगृहासाठी सारे शहर हळहळले. राज्यशासनाने पुनर्बांधणीसाठी कोट्यवधी रुपयांचा निधी जाहीर केला. हे सर्व उचितच झाले. परंतु या शोकाच्या आणि उत्साहाच्या भरात एक प्रश्न मागे राहिला, आणि तो विचारणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दगड, लाकूड आणि पडदे यांची भरपाई पैशाने करता येते. पण त्या रंगमंचावर उद्या उभा राहील असा कलावंत घडविण्याची तरतूद कोणी केली आहे काय?

केशवरावांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८९० साली जन्मलेला हा मुलगा अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटकमंडळीत दाखल झाला. देवलांच्या ‘शारदे’त नायिकेची भूमिका करून त्याने नाव मिळविले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्याने ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हा त्याचे वय होते अवघे सतरा वर्षांचे! पुढे याच मंडळीने मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ यांसारखी आपल्या काळाशी झुंजणारी नाटके रंगभूमीवर आणली, आणि चित्रकार पु. श्री. काळे यांच्या कुंचल्याला वाव देऊन नेपथ्यालाही नवे रूप दिले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते. आज ज्या वयात एखाद्या नटास ‘होतकरू’ म्हणून पाठीवर थाप मिळते, त्या वयात हा पुरुष एक युग उभे करून निघूनही गेला.

अशी माणसे उपजतच तयार होतात, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु ते खरे नव्हे. गळा ईश्वराने दिला असेल. त्या गळ्याला वळण लावले ते नाटकमंडळीने. मंडळीच्या बिऱ्हाडी मुलांना दोन वेळचे अन्न मिळे, अंगावर वस्त्र मिळे, आणि गाण्याची व नक्कलेची तालीम रोजच्या रोज घ्यावी लागे. त्या व्यवस्थेत कठोरपणा होता, कधी अन्यायही होता, आणि मुलांची शाळा तर कायमचीच सुटे. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट तिने निश्चित केली होती. कलावंत शिकत असताना त्याच्या पोटाचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलला पाहिजे, हे तिने ओळखले होते. केशवराव त्या व्यवस्थेचे फळ होते, आणि पुढे स्वतःची मंडळी चालवून तेही त्या व्यवस्थेचा आधार झाले.

आज ती मंडळी नाही आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही भरून काढलेली नाही. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत चमकलेला मुलगा पदवी हाती पडताच नोकरीच्या शोधात निघतो. ज्याला नाटक सोडवत नाही, तो दिवसा मिळेल ते काम करतो आणि रात्री दमलेल्या शरीराने तालमीला येतो. मुलीच्या बाबतीत तर घरची परवानगी हीदेखील एक परीक्षाच असते. संगीत नाटकासाठी आठ-दहा वर्षे गळा कमवावा लागतो, ऑर्गनची साथ शिकण्यासही तितकीच वर्षे जातात; इतका काळ कोणाच्या भरवशावर काढावयाचा? आपण अशा मुलांच्या चिकाटीचे कौतुक करतो, पण त्या चिकाटीची किंमत मात्र त्यांच्या घरच्यांकडूनच वसूल करतो.

काहीच होत नाही, असे मात्र नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात विद्यार्थ्यांस विद्यावेतन मिळते. पण तेथे साऱ्या देशातून मोजक्याच मुलांना प्रवेश असतो. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वर्षांच्या कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे; तिची रक्कम दरमहा ५ हजार रुपये! एवढ्यात शहरातील खोलीचे भाडेही भागत नाही. खाजगी प्रयत्नांत एक उदाहरण आम्हांला विशेष आदरणीय वाटते. डॉ. श्रीराम लागू आणि दीपा लागू यांनी आपल्या तरुण मुलाच्या अकाली मृत्यूनंतर त्याच्या नावाने ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला, आणि त्याबरोबर नव्या रंगकर्मीचीही आठवण ठेवली. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा रूपात जतन करणे, याहून सुसंस्कृत स्मारक कोणते?

तेव्हा आमची सूचना अशी की, केशवरावांच्या नावाने एक कायम स्वरूपाचा नाट्यशिष्यवृत्ती निधी उभारावा. हिशेब अवघड नाही. एका वेळी पाच विद्यार्थ्यांना दरमहा १५ हजार रुपये द्यावयाचे म्हटल्यास वर्षाला ९ लाख रुपये लागतील. शेकडा सहा दराने एवढे व्याज येण्यासाठी दीड कोटींचा मूळ निधी हवा. सगळेच व्याज वाटून टाकले, तर महागाई त्या निधीचे मोल दरसाल कुरतडील. म्हणून त्यात दरवर्षी नवी भर पडत राहिली पाहिजे. परंतु ज्या शहराने वास्तूसाठी अश्रू ढाळले, त्याला ही रक्कम न पेलणारी आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही.

निधीइतकेच त्याचे नियमही स्वच्छ असले पाहिजेत. निवड रंगभूमीवर काम केलेल्या माणसांनी करावी. व्यासपीठ भूषविणाऱ्या मान्यवरांनी करू नये. नटाबरोबरच नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि वाद्यांची साथ शिकणाऱ्यांनाही तिचा लाभ व्हावा. मुंबई-पुण्याबाहेरच्या, साधन नसलेल्या मुलांचा विचार प्रथम व्हावा. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी असाव्यात. स्त्रियांना रंगमंच मोकळा नव्हता, म्हणून केशवरावांना शारदा व्हावे लागले. त्यांच्या नावाच्या निधीतून आजची शारदा शिकली, तर ते इतिहासाचे एक जुने देणे फेडल्यासारखे होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निधीचा जमाखर्च दरवर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावा. आपल्याकडे स्मारकसमित्या मोठ्या थाटात जन्मतात आणि हिशेब न देताच विरून जातात, हा अनुभव लोक विसरलेले नाहीत.

शिष्यवृत्तीने कलावंत निर्माण होत नाहीत, असा आक्षेप येईल. पाच विद्यार्थ्यांतून पाच केशवराव निघणार नाहीत, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण त्यांच्यातून एक चांगला नट, एक जाणता प्रकाशयोजनाकार आणि एक कसलेला ऑर्गनवादक निघाला, तरी रंगभूमीची एक पिढी तगते. शासनानेच हे करावे, असे दुसरे कोणी म्हणेल. शासनाने आपला वाटा अवश्य उचलावा. परंतु रसिकांनी उभारलेल्या निधीमुळे कलावंताच्या अंगी जे स्वातंत्र्य येते, ते सरकारी अनुदानाने येत नाही.

आणि या कामी मार्ग दाखवावयास केशवरावांखेरीज दुसरे कोण हवे? ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी. व्यवसायातील दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या, आणि उत्पन्न देशकार्याला गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव हे जग सोडून गेले. देशाच्या निधीसाठी ज्या तरुण नटाने आपली कला देऊ केली, त्याच्या नावाने रंगभूमीसाठी निधी उभारणे, ही केवळ कृतज्ञता नव्हे. ते ऋण आहे. दरवर्षी त्यांच्या जयंतीस निरनिराळ्या संस्थांनी एकत्र येऊन एक प्रयोग करावा आणि त्याचे उत्पन्न या निधीस द्यावे. ९ ऑगस्टला प्रतिमेस हार अवश्य घालावा. पण त्याच दिवशी पाच तरुणांच्या हाती वर्षभर निश्चिंतपणे शिकण्याचे साधन पडावे. वास्तू एका रात्रीत जळते, हे आपण पाहिले आहे. गुरूकडून शिष्याच्या गळ्यात उतरलेली विद्या आगीला जाळता येत नाही. तिच्यासाठी झोळी पसरण्यास आम्हांला संकोच वाटत नाही, आणि ती रिकामी परतणार नाही, असा आमचा विश्वास आहे.