प्रश्न उद्भवत नाहीं !

आमच्या विधानसभेंत प्रश्न विचारण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. अमुक जिल्ह्याच्या रुग्णालयांत कर्करोगाच्या तपासणीची सोय नाहीं, हें खरें आहे काय? असल्यास सरकारनें चौकशी केली काय? काय कार्यवाही केली? नसल्यास विलंबाचीं कारणें काय? या चार कलमांना मंत्रीमहाशयांकडून छापील उत्तर येतें: ‘हें अंशतः खरें आहे; कार्यवाही चालू आहे;’ आणि शेवटच्या कलमापुढें, ‘प्रश्न उद्भवत नाहीं.’ सभासद समाधान पावतात, वर्तमानपत्रांत नांव येतें. आणि जिच्या अंगांत दुखणें उद्भवलेलें असतें ती बाई परळच्या पदपथावर पथारी टाकून नंबराची वाट पाहत बसते.

सभागृहांत मान्य झालेली गोष्ट गांवांत उतरतेच असें नाहीं, हें आमच्या समाजास कोणीं शिकवावयास नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रावबहादूर सी. के. बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत ठराव मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तो मानलाही. तरी चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यास १९२७ सालचा सत्याग्रह करावा लागला. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यांत होतें, आणि मधली वाट अडलेली होती. दवाखान्याची वाट आजही अडलेलीच आहे. ती गाडीभाड्यानें, बुडणाऱ्या मजुरीनें आणि रिकाम्या जागांनीं अडली आहे, एवढाच फरक.

पैसा नाहीं, ही सबब चालणार नाहीं. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९८ सालापासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट पाडून अभ्यास केला. एका गटांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं शिरक्यासारखें सौम्य आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनीं केली. २०१३ सालीं निकाल जाहीर झाला: त्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनीं कमी झाले. यास ना मोठें यंत्र लागलें, ना मोठा डॉक्टर.

मग सभासदांनीं विचारावें काय? आंकडे विचारावे. तालुक्यांत तीस वर्षांवरील स्त्रिया किती, त्यांतल्या तपासल्या किती? संशय कितींचा आला, आणि मोठ्या रुग्णालयांत पोंचल्या किती? पहिल्या तपासणीपासून उपचार सुरू होईपर्यंत दिवस किती गेले? यंत्र आलें असल्यास तें चालवणारा नेमला आहे काय? अशा प्रश्नास ‘अंशतः खरें’ हें उत्तर देतां येत नाहीं. आंकडा द्यावा लागतो, किंवा आंकडा ठेवलाच नाहीं अशी कबुली द्यावी लागते. आणि पुढच्या अधिवेशनांत तोच प्रश्न पुन्हां विचारावा, म्हणजे आंकडा हलला कीं नाहीं तें कळेल.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं हेंच केलें. रयतेच्या घामाचा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हें त्यांनीं सरकारला रोखठोक विचारलें. सरकारनें २०१७ सालीं आपल्या जन आरोग्य योजनेला त्यांचें नांव दिलें, याचा आम्हांस आनंदच आहे. पण नांव घेणाऱ्यांनीं हिशेबही द्यावा.

वाचकहो, तुमचे आमदार मतें मागावयास येतील तेव्हां त्यांना हार घालण्यापूर्वीं एवढेंच विचारा: आपल्या तालुक्यांत किती बायका तपासल्या? हा प्रश्न विधानसभेंत उद्भवत नसेल. आमच्या घरोघरीं तो उद्भवला आहे.