दंडुकाही नको, दुर्लक्षही नको

अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमली द्रव्यांच्या अतिमात्रेमुळे प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे दगावली. दर चार मृत्यूंपैकी सुमारे तीन अफूवर्गीय द्रव्यांमुळे घडले. २०२४ साली एकूण आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला, हे खरे. परंतु ऐंशी हजार शवपेट्या ही समाधान मानण्याजोगी गोष्ट आहे काय? या प्रश्नावर तेथील राजकारणात दोन तट आहेत. एक म्हणतो, 'पकडा'. दुसरा म्हणतो, 'सोडा'. आमचे स्पष्ट मत असे, की हे दोन्ही तट वाटेवर पडलेल्या माणसाला ओलांडूनच पुढे जातात.

मुळात ही साथ अंधाऱ्या गल्लीत जन्मली नाही; ती दवाखान्यात जन्मली. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली आणि तिचे व्यसन सहसा लागत नाही, असे डॉक्टरांच्या मनावर बिंबवण्यात आले. पर्ड्यू या उत्पादक कंपनीने २००७ आणि २०२० साली, अशी दोनदा गुन्ह्याची कबुली दिली. दंड झाला, मालक घराण्यातील एकही व्यक्ती गजाआड गेली नाही. पुढे गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा व्यसनी माणूस हेरॉइनकडे वळला, आणि २०१३ नंतर त्या बाजारात कित्येक पटींनी जहाल असे फेंटानिल शिरले.

अशा वेळी 'पकडा' म्हणणे सोपे असते. जुलै २०२५ मध्ये फेंटानिलसदृश द्रव्यांच्या व्यापाराला किमान सक्तीची शिक्षा देणारा कायदा तेथे झाला. विषाचा व्यापार करणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण व्यसनी माणसाला कोठडीत टाकून काय साधते? तेथे त्याच्या शरीराची सवय मोडते, व्यसन मात्र मोडत नाही. सुटून आल्यावर तो जुनीच मात्रा घेतो आणि ती त्याचा प्राण घेते. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत घातक ठरतात.

मग 'सोडा' हे उत्तर आहे काय? ओरेगॉन राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये जनमताने तसे ठरवले. जवळ थोडे द्रव्य सापडले तर शंभर डॉलर दंड, आणि मदतकेंद्राला दूरध्वनी केला तर तोही माफ! फारच थोड्यांनी दूरध्वनी केला. उपचारकेंद्रांसाठीचा पैसा उशिरा पोहोचला. रस्त्यांवर उघड सेवन होऊ लागले, लोक संतापले आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. लोकांनी दयेला दोष दिला. वस्तुतः दया तेथे पोहोचलीच नव्हती.

पोर्तुगालने २००१ मध्ये तुरुंग टाळला, पण माणसाला वाऱ्यावर सोडले नाही. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या समितीपुढे जातो, आणि समितीच्या पाठीशी उपचारांची व्यवस्था असते. त्या व्यवस्थेचा पैसा आर्थिक संकटाच्या काळात आटला, तेव्हा तेथेही प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. धडा स्पष्ट आहे.

'मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन देणे म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे', असा आक्षेप धार्मिक मंडळींकडूनही ऐकू येतो. आम्हांला तो मान्य नाही. देखरेखीखाली दिलेल्या मोजक्या मात्रेवर माणूस कामाला जातो, घरी परततो आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतो. मेलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी कोण देणार? तरीही अमेरिकेत व्यसन लावणारी गोळी कोणताही डॉक्टर नेहमीच्या परवान्यावर लिहून देऊ शकत होता. व्यसन सोडवणाऱ्या ब्यूप्रेनॉर्फिनसाठी मात्र २०२२ च्या अखेरीपर्यंत खास परवानगी लागत होती. याहून मोठी विसंगती कोणती?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २६ जून २०२४ रोजी या व्यापाराचा कडक निषेध केला आणि ही द्रव्ये खुली करण्यासही विरोध केला. एवढेच उद्धृत करणाऱ्यांनी पुढचेही वाचावे : व्यसनी माणसाचे ऐकून घ्या, त्याला समजून घ्या, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईतील एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत होती आणि त्या तेथील रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात होत्या, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले. त्यानंतरच सरकारने त्या मिश्रणाच्या निर्मितीस व निर्यातीस बंदी केली. आणि आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम २७ सेवन करणाऱ्याला तुरुंग दाखवते. पण स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून मुक्त करणारे कलम ६४-अ ही त्याच कायद्यात आहे. ते किती घरांना ठाऊक आहे?

निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना आपण रस्ते आणि पाणी यांविषयी विचारतो. या वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या तालुक्यात व्यसनमुक्तीच्या किती खाटा आहेत, आणि त्यांना पैसा कोण देतो? उत्तरात केवळ 'कडक कारवाई' हे शब्द आले, तर उमेदवाराला प्रश्नच समजलेला नाही, असे खुशाल समजावे.