कोपऱ्यातला बँटम



'स्विस चाकू' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल मूठ, तिच्यावर पांढरा क्रॉस आणि साळिंदराच्या काट्यांसारखी चहूकडून बाहेर आलेली अवजारं. हो ना? त्यातला 'स्विसचँप' नावाचा चाकू तर 33 कामं करतो. कात्री, करवत, कानस, भिंग, काय नाही त्यात! वजन 185 ग्रॅम. दुकानाच्या काचेमागे तो मधोमध ऐटीत उभा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते.

त्याच काचेच्या कोपऱ्यात कधीकधी एक चपटा, सडपातळ चाकू पडलेला असतो. लांबी 84 मिलिमीटर. पट्टीवर मोजून बघा बरं, तुमच्या तळहातात सहज मावेल. वजन स्विसचँपच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्याचं नाव बँटम. उघडून बघितला तर एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला एक विचित्र आकाराचं अवजार, आणि मुठीत खोचलेले इवलासा चिमटा नि दातकोरणी. संपलं! गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच?" आणि पुढे जातं.

मी आमच्या चौथीच्या वर्गात दोघांची चित्रं दाखवून विचारलं, "कोणता घ्याल?" सगळे हात 33 वाल्याकडे. मागच्या बाकावरून मात्र एक आवाज आला, "बाई, त्यातलं हवं ते सापडेपर्यंत मधली सुट्टी संपेल!" वर्ग हसला, पण मुद्दा बिनतोड होता.

आता ते विचित्र अवजार नीट बघू. टोक चपटं आहे, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसतं. त्याच टोकाजवळ आकड्यासारखी खाच आहे, ती बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाखाली अडकवून उचललं की झाकण निघतं. एका कडेला धार आहे, तिने पत्र्याचा डबा कापता येतो. आणि बाजूला आणखी एक बारीक खाच आहे, तिच्यात विजेची वायर धरून वरचं प्लॅस्टिक सोलता येतं. (अर्थात ती वायर कुठेही जोडलेली नसताना, आणि मोठ्या माणसासमोरच!) मोठ्या चाकूत डबा कापायला एक पातं आणि झाकण काढायला दुसरं असतं. इथे एकाच पोलादी तुकड्याची प्रत्येक कड कामाला लावली आहे. रिकामी अशी जागाच नाही.

हे जमलं कसं, यासाठी थोडं मागे जाऊ या. 1884 साली कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये श्वीत्स प्रांतातल्या ईबाख या गावी चाकू बनवायचा कारखाना काढला. त्या वेळी तो भाग गरीब होता, कामधंद्यासाठी लोक देश सोडून जात. पुढे स्विस सैन्याला शिपायांसाठी चाकू हवा होता. नव्या बंदुकीचे भाग सोडवायला स्क्रूड्रायव्हर पाहिजे, डबाबंद जेवण उघडायला काहीतरी पाहिजे. पण पहिले चाकू आले जर्मनीतल्या झोलिंगेनहून! आपल्या सैन्याचा चाकू आपल्याच देशात का होऊ नये, म्हणून एल्सनर जिद्दीला पेटले आणि 1891 मध्ये त्यांनी सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पातं, आरी, डबा कापायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर अशी चार अवजारं त्यात होती. तो दणकट होता, पण जड होता. मग त्यांनी हलका, सुबक असा अधिकाऱ्यांचा चाकू तयार केला. 12 जून 1897 रोजी त्याची नोंदणी झाली. गंमत म्हणजे सैन्याने तो अधिकाऱ्यांना कधी दिलाच नाही, त्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला.

कंपनीचं नावही ऐकण्यासारखं आहे. एल्सनर यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. ती 1909 मध्ये वारली, तेव्हा तिचं नाव चाकूंना दिलं. 1921 पासून न गंजणारं पोलाद वापरात आलं, त्याला फ्रेंचमध्ये थोडक्यात 'इनॉक्स' म्हणतात. आई आणि पोलाद मिळून झालं व्हिक्टोरिनॉक्स!

पण मला विचाराल तर खरी हुशारी आहे स्प्रिंगमध्ये. ही आपल्या पेनातल्यासारखी गुंडाळलेली नसते, पोलादाची सरळ पट्टी असते. 1897 च्या चाकूत एल्सनर यांनी एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारं पेलली होती. बँटममध्ये अशी एकच पट्टी आहे, मध्यावर पक्की केलेली. तिच्या एका टोकावर पातं टेकतं, दुसऱ्यावर ते विचित्र अवजार. घरी करून बघा. प्लॅस्टिकची लवचीक पट्टी मधोमध चिमटीत घट्ट धरा आणि एक टोक वाकवून सोडा, मग दुसरं. दोन्ही टोकं आपापली झटकन सरळ होतात. पातं अर्धवट उघडलं की त्याचा चौकोनी बुंधा पट्टीला ढकलतो, पूर्ण उघडलं की पट्टी जागेवर बसते. 'टक्' असा आवाज येतो तो तेव्हाच.

आता नीट ऐका. ही पट्टी पात्याला थोपवते, पण त्याला कुलूप लावत नाही. पात्याच्या पाठीवर जोर पडला की ते मिटतं, थेट तुमच्या बोटांवर! म्हणून टोकाने भोक पाडायला जायचं नाही. कापताना धार अंगापासून दूर न्यायची. एका वेळी एकच अवजार उघडायचं. दुसऱ्याला देताना चाकू मिटूनच द्यायचा. शाळेत आणायचा नाही म्हणजे नाही, आणि विमानात जवळच्या सामानात तर तो नेताच येत नाही.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. चाकू विकत घ्याच असं मी म्हणत नाही. धारेची भीती खरी आहे. 2024 मध्ये याच कंपनीने जाहीर केलं की बिनपात्याचं खिशातलं अवजार बनवायचा विचार चालू आहे, कारण बऱ्याच देशांत चाकू जवळ बाळगण्याचे नियम कडक होत आहेत. तरीही रविवारी मुलाशेजारी बसून त्याला दहा मिनिटं पेन्सिल तासू द्या. काम झालं की चाकू परत कपाटात. धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळावं लागतं, आणि नुसतं "हात लावू नकोस" म्हणून ते कळत नाही. शिकवायचाच असेल तर दोन अवजारांचा बरा. कुठलं पातं कुठे उघडलंय, हे शोधत बसावं लागत नाही.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. कागदावर 84 मिलिमीटरची रेघ आखा आणि तिच्याभोवती चाकूची मूठ काढा. एक स्प्रिंग, दोन टोकं. तुमच्या घरात रोज लागणारी कोणती दोन अवजारं तुम्ही तिथे बसवाल? आजीला विचारा, बाबांना विचारा, सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनाही विचारा. चित्राखाली कारण लिहा आणि पाठवा. पात्याऐवजी दुसरंच काही सुचलं तरी चालेल!