राख, रिठे आणि मावशींचे हात

आजीच्या घरी घासण्या-पुसण्यासाठी म्हणून विकत आणलेली वस्तू मला तरी आठवत नाही. भांड्यांना बंबातली राख आणि नारळाची शेंडी, तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ नाहीतर वापरून उरलेलं आमसूल, रेशमी लुगड्यांना रिठ्याचं पाणी. झालं, यादी संपली.

आमच्या सिंकखाली गेल्या दिवाळीत मी बाटल्या मोजल्या. अकरा! भांड्यांची वेगळी, फरशीची वेगळी, काचेची निळी, नळांची आणखी कसली तरी. (नळांचीही वेगळी असते हे मला बाटली घरात आल्यावर कळलं.) तेव्हा ठरवलं, या सगळ्या हद्दपार. पैसे वाचतील, नदीत फेस कमी जाईल, आणि आजी वरून बघून खूश होईल.

मग काय, प्रयोग सुरू. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, बाटलीत भरून तीन महिने आंबवायचं. पहिला महिनाभर झाकण रोज उघडून वायू सोडायचा. आम्ही चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तेव्हा गॅलरीची भिंत गुळमट झाली होती. ती पुसायला नेमकी जुन्या अकरांपैकीच एक बाटली लागली, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय, आता तुम्हालाही सांगते.

खरा धडा मात्र ओट्याने दिला. आमचा ओटा कडप्प्याचा. त्यावर मी मोठ्या हौसेने व्हिनेगर शिंपडलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं. पुसल्यावर काळ्याभोर ओट्यावर पांढुरके, निस्तेज ठिपके! कडप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादी फरशीही तीच, संगमरवरही त्याच कुळातला. आम्ल चुनखडीला खातं, मग ते बाटलीतलं असो की झाडावरच्या लिंबातलं. ‘घरगुती’ म्हटलं की आपल्याला ते आपोआप गरीब गाय वाटायला लागतं, तिथेच फसायला होतं. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत कोणी ‘नैसर्गिक’ म्हणून व्हिनेगर ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे कृपया लक्षात ठेवा.

आणि ते सोडा अधिक व्हिनेगर! जो तो हेच सांगत असतो. फेस बघून मन भरतं खरं, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळी होतात आणि मागे उरतं साधारण खारट पाणी. तेलकट डागाला नुसता सोडा लावा, पांढऱ्या क्षाराला नुसतं आम्ल. दोघांचं लग्न लावायची गरज नाही.

पण जे जमलं ते इतकं छान जमलं की मी त्याच्यावर खूश आहे. आमच्याकडे टँकरचं जड पाणी येतं, त्यामुळे स्टीलच्या नळांवर आणि बादल्यांवर पांढरे थर बसतात. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून फडकं भिजवायचं, पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. रगडणं नाही. देवाच्या पितळी भांड्यांना चिंच-मीठ. चांदीच्या वाट्या काळ्या पडल्या तर तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल, वर गरम पाणी आणि खायचा सोडा; वाटी फॉइलला टेकली पाहिजे. काळा थर तिथल्या तिथे चांदीत परततो. पॉलिशसारखी चांदी झिजत नाही, म्हणून ही युक्ती मला सगळ्यात आवडते.

या यशाने चढून जाऊन मी भांड्यांकडे वळले. घरी बंब नाही, चूल नाही, तेव्हा राख विकत आणली. हो, राखही आता पाकिटात मिळते! पाकीट आणि रिठ्याचं पाणी मोरीवर ठेवलं आणि मावशींना आजीची सगळी कहाणी ऐकवली. त्यांनी ऐकून घेतली. दोन दिवस तशीच भांडी घासली. तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाल्या, “ताई, तुमच्या आजीला सात घरं नव्हती.”

मी गप्पच. त्यांची बोटं पाहिली तर पेरांवर चिरा. त्या काही माझ्याच दोन दिवसांच्या नव्हत्या, पावडरीने वर्षानुवर्षं पडलेल्या होत्या. पण राख काय कमी असते? तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते भांड्याचं तेल तोडतं आणि हातावरचंही. वर रगडायला जोर दुप्पट आणि वेळही दुप्पट. सात घरांची भांडी अशी घासायची तर संध्याकाळ व्हायची. आजीची काटकसर खरी होती, कारण राख घरातच पडलेली असायची आणि घासणारे हात तिचे स्वतःचे होते. माझी काटकसर कोणाच्या हातावर चालली होती? नदीची काळजी मी करणार आणि कष्ट मावशी करणार, हे मला काही पटेना.

आता भांड्यांसाठी साधं लिक्विड आहे, तेही पाण्यात पातळ करून, म्हणजे एक बाटली बरीच चालते. मावशींसाठी हातमोजे आणले होते, पण “भांडं हाताला कळत नाही” म्हणून त्या घालत नाहीत. मग मोरीच्या फळीवर खोबरेल तेलाची वाटी ठेवली आहे, ती मात्र वापरतात. नळ, पितळ, चांदी हे रविवारी मी करते. स्वतः करायला लागल्यापासून चार पितळी डबे माळ्यावर गेलेत हेही कबूल करते. सिंकखाली आता तीन बाटल्या आहेत. ओट्यावरचे ठिपके तसेच आहेत, खोबरेल लावलं की दोन दिवस दिसत नाहीत एवढंच.

उरलेले अर्धा किलो रिठे मावशींनीच मागून नेले. म्हटलं, शेवटी पटलं तर! तर म्हणाल्या, “भांड्यांना नाही हो, लेकीच्या केसांना.”