फुलहॅम ते केडगाव

सुख शोधायचं म्हणून कोणी दुष्काळी मुलुखात जात नाही. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, कारण भूक त्यांच्या ओळखीची होती. 1874 मध्ये आई-वडील आणि मागोमाग थोरली बहीण, सगळे उपासमारीतच गेले होते. हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्याआधी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या फुलहॅमला, त्यांनी एक नवल पाहिलं होतं. समाजाने ‘पतित’ म्हणून ओवाळून टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत होत्या. ही माया कुठून येते, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवली गेली. त्यांच्या ख्रिस्ती धर्मांतरावरून पुण्यात पुढे रणकंदन माजलं, त्यात हा प्रसंग बाजूलाच पडला. मला तोच महत्त्वाचा वाटतो: बाई आधी करुणेला वश झाल्या, मग सिद्धांताला. आणि ही करुणा नुसते डोळे पुसणारी नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला; अंध मुलींनाही लिहा-वाचायला आणि हाताने कमवायला शिकवलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम बाईंनी सोडलं नाही, आणि त्याच्या छपाईचे खिळे जुळवायला होत्या त्याच दुष्काळातून आलेल्या मुली.