मोंबासाचे पहिले दर्शन

परदेशी जाणारा मनुष्य आपल्या सामानाबरोबर त्या देशाविषयीची आपली मतेही बांधून नेतो, व बहुधा ती न सोडताच परत आणतो. हा दोष इतरांच्या प्रवासवर्णनांत आम्हांस पुष्कळदा दिसला होता. तो आमच्याही ठायी आहे, हे कळण्यास मात्र समुद्र ओलांडावा लागला. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एका आप्ताच्या आग्रहावरून केनिया देशातील मोंबासा या बंदरी आठ दिवस राहण्याचा आम्हांस योग आला. त्या नगराच्या पहिल्या दर्शनाने जे शिकवले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईहून विमानाने नैरोबी व तेथून आगगाडीने मोंबासा असा आमचा मार्ग होता. हल्लीचा लोहमार्ग २०१७ साली खुला झाला. जुन्या मार्गाचे काम मोंबासाहून १८९६ साली सुरू होऊन १९०१ साली तो व्हिक्टोरिया सरोवरास पोहोचला. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, व त्यांपैकी सुमारे २,५०० तिकडेच मरण पावले. खिडकीतून त्सावोचे रान पाहताना त्या अनाम माणसांची आठवण आम्हांस वारंवार होत होती.

मोंबासा हे मूळच्या मुंबईप्रमाणेच एक बेट होय. मे महिना हा तिकडे ऐन पावसाचा. आम्ही उतरलो तेव्हा नारळीच्या माथ्यांवरून सर कोसळत होती व खाऱ्या वाऱ्यात ओल्या मातीचा वास मिसळला होता. रस्त्याच्या कडेला शहाळी मांडलेली, पलीकडे आंब्याची दाट झाडे, आणि पाण्याच्या डबक्यांतून वाट काढीत चाललेली आपल्याकडचीच तीनचाकी रिक्षा! तिला तेथे टुकटुक म्हणतात. आमच्या तोंडून सहज उद्गार निघाला, “हे तर आपले कोकणच!”

दुसऱ्या दिवशी हा ग्रह अधिकच दृढ झाला. न्याहारीस तुरीचे दाणे नारळाच्या रसात शिजवून पुढे आले. यजमानांच्या शेजारीण बाई ज्या बैठ्या पाटावर बसून नारळ खवीत होत्या, त्याच्या टोकाला लोखंडी दातेरी पाते होते. आपल्या खवणीची ती सख्खी बहीणच. रस्त्यावर कानी पडणारे शब्दही ओळखीचे. दुकानास ‘दुका’, गाडीस ‘गारी’, पैशास ‘पेसा’, हिशेबास ‘हेसाबू’, साबणास ‘साबुनी’, पुस्तकास ‘किताबू’. वकिलास तर ‘वकिली’ म्हणतात! आम्ही वहीत यादी करू लागलो व मनातून फुगलो. आपल्या देशाने या लोकांस किती दिले, असा विचार आमच्या मनात आला.

पण पहिले दर्शन दोन रीतींनी फसवते. परक्या मुलखात सर्वच विचित्र दिसले, तर पाहुणा त्या लोकांस हसतो. सर्वच ओळखीचे दिसले, तर तो त्यांचा धनी होऊ पाहतो. आम्ही दुसऱ्या चुकीत सापडलो होतो. आमच्या यादीतील किताब, हिशेब, वकील हे शब्द मुळात आमचे तरी कोठे होते? ते अरबीतून निघाले, व एकाच समुद्रावरून निरनिराळ्या वाटांनी आमच्याकडे व त्यांच्याकडे पोहोचले. स्वाहिली ही बांटू कुळातील स्वतंत्र भाषा आहे. आपण जसे परके शब्द आपल्या व्याकरणात बसवून घेतले, तसेच तिने घेतले. शतकानुशतके ईशान्येचा ‘कास्काझी’ वारा अरबस्थानची व हिंदुस्थानची गलबते त्या किनाऱ्यास नेई, व नैर्ऋत्येचा ‘कुसी’ वारा ती परत आणी. या वाऱ्यांवर कोणा एका देशाची मालकी नव्हती.

शिवाय, हे नगर कोणी बाहेरून येऊन वसवावे अशी वाट पाहत बसलेले नव्हते. इब्न बतूता हा प्रवासी १३३१ साली येथे आला, तेव्हा येथील धर्मशील लोक व लाकडी मशिदी पाहून त्याने त्यांची नोंद केली. पोर्तुगीजांनी ‘फोर्ट जीझस’ हा किल्ला बांधण्यास आरंभ केला तो १५९३ साली, म्हणजे त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळाने. या किल्ल्याचा शिल्पज्ञ कैराती हा पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील मुलखाचा मुख्य स्थपती असून तो १५९६ साली गोव्यात वारला. किल्ल्याच्या तटावर उभे राहून आम्ही हे वाचले, तेव्हा आमच्या वहीतील यादी आम्हांस फारच लहान वाटू लागली.

एका मुलाने आम्हांस अधिक शिकवले. सकाळी फिरून येत असता शाळेच्या गणवेषातील एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा वाटेत थांबला व मान लववून ‘शिकामू’ म्हणाला. यजमानांनी सांगितले की, लहानाने वडीलधाऱ्यास करावयाचे हे अभिवादन असून त्याचा मूळ अर्थ ‘पाय धरतो’ असा मानतात. यास ‘मराहाबा’ असे उत्तर द्यावे. आम्ही परके, त्याची भाषा न जाणणारे. तरी केवळ वयाने वडील म्हणून त्याने आम्हांस मान दिला. आम्ही अडखळत उत्तर दिले. तो हसला नाही. हा प्रसंग पुढे ज्या कारणाने आमच्या मनास बोचला, ते आता सांगतो.

रविवारी आम्ही खाडीपलीकडील फ्रिअर टाउन येथे स्वाहिली उपासनेस गेलो. तेथे जवळच रस्त्याच्या कडेस एक जुनी घंटा आहे, व तिच्यावरून त्या भागास ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, असे नाव पडले आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबते दिसताच ही घंटा वाजवून लोकांस सावध करीत, असे सांगतात. या वसाहतीचे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडले. गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारासाठी ते १८७३ साली झांझिबारला गेले होते, व त्याच वर्षी तेथील सुलतान बर्गश यांनी करारावर सही केली. १८७५ साली चर्च मिशनरी सोसायटीने मुक्त झालेल्या गुलामांसाठी ही वसाहत स्थापिली. स्थापन करणारे होते रेव्हरंड विल्यम प्राइस. आणि हे प्राइससाहेब पूर्वी नाशिकजवळच्या शरणपूरचे प्रमुख होते!

वाचकांपैकी अनेकांनी नाशिकचा शरणपूर रस्ता पाहिला असेल. आम्हीही त्या रस्त्याने पुष्कळदा गेलो आहो. परंतु शरणपूर म्हणजे कोणाचे शरणस्थान, असा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. हिंदी महासागरात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडी, तेव्हा त्यांतून सुटलेली काही आफ्रिकन मुले मुंबईस उतरवीत. त्यांपैकी अनेक मुले शरणपूरच्या आश्रमात आली. आईबापांपासून तोडलेली ही लेकरे गोदावरीकाठच्या मराठी मुलखात वाढली. तेथे ती लिहावाचावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली. पुढे मोंबासाच्या बाजूस गेल्यावर त्यांस ‘बाँबे आफ्रिकन’ असे नाव पडले.

त्यांची कामगिरी थोडी नव्हे. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्या निष्ठावंत अनुयायांनी त्यांचा देह दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाहून समुद्रकिनारी आणला. त्या मंडळीत शरणपूरचे काही तरुण होते. त्यांपैकी जेकब वेनराइट याने लिव्हिंग्स्टन यांचे हृदय जेथे पुरले त्या झाडावर लेख कोरला, व पुढे देहाबरोबर विलायतेस जाऊन १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीस तो उपस्थित राहिला. दुसरा, मॅथ्यू वेलिंग्टन, हा तर १९३५ पर्यंत हयात होता. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे १८६४ सालीच रबाई येथील मिशनकार्यास गेले, व १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांच्या हातून त्यांस धर्मसेवेची दीक्षा मिळाली.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे, व ती लपवणे शिक्षकास शोभणार नाही. दर्जा व वेतन यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी या लोकांचे खटके उडाले. ज्यांनी त्यांस मुक्त केले, शिकवले, त्यांनाही त्यांना बरोबरीने वागवणे जड गेले. आपल्या लोकांचे हातही स्वच्छ नव्हते. झांझिबारच्या व्यापारात हिंदी सावकारांचे भांडवल गुंतलेले होते, व १८६० साली तेथील ब्रिटिश कॉन्सलने हिंदी प्रजाजनांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त केले. मनुष्यास विकत घेणे हे पाप केवळ एका जातीचे वा एका धर्माचे नव्हते.

त्या घंटेपाशी उभे असता आम्हांस आमचाच एक जुना तास आठवला. पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळी आम्ही निराळ्या गावी शिकवीत होतो. इतिहासाच्या तासाला मलिक अंबराचा धडा चालला होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, १६१० साली खडकी नगर वसवले, हे सारे आम्ही मोठ्या रसाने सांगत होतो. इतक्यात मागच्या बाकावरून कोणीतरी वर्गातील एका सावळ्या मुलाकडे बोट दाखवून ‘हबशी’ म्हणाले. वर्ग हसला. आम्हीही किंचित हसलो व धडा पुढे चालू केला. त्या दिवसापासून ते नाव त्या मुलास चिकटले, ते तो शाळा सोडून जाईपर्यंत. तो पूर्वी प्रश्नांची उत्तरे देण्यास हात वर करी. पुढे तो हात वर करीनासा झाला. आम्ही ते पाहिले होते, पण त्याचे कारण शोधण्याचा त्रास घेतला नाही.

मलिक अंबराच्या थोरवीचे पाच गुण देणारा शिक्षक त्याच तासाला त्याच्या वंशाच्या नावाची शिवी होऊ देतो, याला काय म्हणावे? पवित्र शास्त्रात आम्ही एबद-मलेख कूशी याची गोष्ट शिकवतो. यिर्मया संदेष्टा चिखलाच्या विहिरीत रुतला असता राजाकडे रदबदली करून या आफ्रिकन मनुष्याने त्यास वर काढले. आणि दोरांनी संदेष्ट्याच्या बगलांस काचू नये म्हणून आधी जुनी चिरगुटे खाली सोडली. दुसऱ्याच्या अंगास काय लागेल याचा इतका बारीक विचार त्याने केला. आमच्या समोरच्या बाकावरील मुलाच्या मनास काय लागले, याचा विचार आम्ही केला नाही.

परत आल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवला. तो आता संसारी गृहस्थ आहे. आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, “सर, ते केव्हाच विसरलो.” पण कोणत्या गोष्टीची क्षमा, हे त्याने विचारले नाही, व ते नाव त्याने तोंडाने उच्चारलेही नाही. तो विसरलेला नव्हता.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे. मूल शाळेत येते, तेव्हा रंगाविषयीचे त्याचे पहिले धडे झालेले असतात. ‘मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा कमी’ हे वाक्य ते घरातच ऐकते. नव्या बाळाच्या पाळण्यापाशी आधी त्याच्या वर्णाची चर्चा होते, मग प्रकृतीची. या बोलण्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, हे आम्ही जाणतो. आमच्या हसण्यातही नव्हता. परंतु त्याची किंमत लहान मुलास भरावी लागते. हे बोलणे घरातून गेले, तर आमचे अर्धे काम होईल. उरलेल्या अर्ध्याचा भार शिक्षकांवर आहे, व तो आम्ही टाळू इच्छीत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण शिक्षणासाठी वा चाकरीसाठी परदेशी जातील. तेथील समुद्र, इमारती व बाजार अवश्य पाहा. पण पहिल्या दिवशी बनलेले मत शेवटच्या दिवशी पुन्हा तपासून पाहा, व ते बदलले असेल तर सांगण्यास लाजू नका. निघण्यापूर्वी आपल्या गावातील रस्त्यांची नावे कोठून आली, हेही कोणा वृद्धास विचारा. नाशिकहून शिकून गेलेल्या माणसांची कथा आम्हांस मोंबासाच्या घंटेपाशी कळली, हे आमचे भाग्य खरे; परंतु ती आम्हांस घरी ठाऊक असावयास हवी होती. ती ठाऊक असती, तर कदाचित त्या तासाला आम्ही हसलो नसतो, आणि एका मुलाचा हात वरच राहिला असता.